हमिदाबीचं नळीचं दार

नळदुर्गात मला उत्तरेश्वर या नावानं हाक मारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळ्या गावाला मी मिस्त्री. ‘मिस्त्री’ म्हणताना माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक हसू यायचं आणि ते कौतुकाचं आहे असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो. माणसाला स्वतःबद्दल गैरसमज असावा, पण त्याला काही हद्द? माझ्या गैरसमजाला नव्हती.

माझं दुकान सोलापूर-हैदराबाद सडकेला, मोटारी पाण्यासाठी थांबायच्या तिथं. गॅसबत्त्या, शिवणाची मशिनं, कुलपं, सायकली, जे मोडेल ते माझ्याकडं. निजामाचा अंमल होता आणि तिकडं जगात लढाई पेटलेली. घासलेट रेशनवर, तार-खिळे बघायला मिळत नव्हते. नवीन वस्तू मिळायची सोय नव्हती म्हणून लोक जुनी माझ्याकडं आणायचे. लढाई नसती तर माझ्या दुकानाकडं कुत्रं फिरकलं नसतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, सगळी माझी करामत!

करामती सांगायच्या तर पुष्कळ आहेत. कचेरीतल्या एका मुनशीजींचं घड्याळ मी दुरुस्त करून दिलं. ते पुढं भर दुपारी बाराला एकच टोला द्यायचं आणि एकाला बारा. मुनशीजी भला माणूस. म्हणाले, “असू द्या मिस्त्री, दोन्ही मिळून हिशोब बरोबर बसतो.” ज्ञानोबाच्या लग्नात गॅसबत्ती मी अशी पंप मारून पेटवली की मांडवाची झालर पेटली. पाणी मारून विझवली म्हणा. पण ज्ञानोबाची बायको अजून मला बघितलं की पदर सावरून चुलीपाशी पहाऱ्याला जाऊन बसते.

आणि माझं तोंड! ते सांगितल्याशिवाय माझी ओळख पुरी व्हायची नाही. हात काम करत असोत नसोत, तोंड चालूच. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की ते काय बिघडलंय हे सांगायच्या आधीच मी त्याला सांगायला लागायचो. बिचारं ऐकून ऐकून दमायचं आणि मशीन ठेवून निघून जायचं. आमची सारजा, म्हणजे सारजाबाई, माझी बायको, म्हणायची, “तुमच्या दुकानात बिघडलेलं येक यंत्र हाय, ते तेवढं तुमाला दुरुस्त करता येत न्हाय.” मी विचारायचो, कुठलं गं? ती हसत आत जायची.

आता हमिदाबी. बाजारात माणिकप्पाची दोनमजली माडी होती. खाली दुकानं, वर भाडेकरू. वरच्या मागल्या खोलीत हमिदाबी एकटी राहायची. आमच्या गावची दाई. हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, अर्धं नळदुर्ग तिच्या हातावर जन्मलं. मीसुद्धा. त्यामुळं माझ्याशी बोलताना तिला कुठलाच आडपडदा नव्हता. मला ती उत्तऱ्या म्हणायची आणि मी तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचो. बाजारात चारचौघांत सांगायची, “ह्यो पोटातनं भाईर आला तो बोलतच आला. रडतोय असं लोकांला वाटलं, पर म्या वळखलं, ह्यो मला दाईकाम शिकवतोय!”

तर या हमिदाबीचे गुडघे गेले. दोन पावसाळे ती कशीबशी वर-खाली करत होती. त्या माडीचा जिना अंगावर येणारा, उभा. बायकांच्या कळा काही जिना बघून येत नाहीत. कुणी येऊन खालचं दार वाजवलं की ती भिंतीला धरत खाली यायची, दार उघडायची, आणि येणारं निम्म्या वेळा कळांचं नसायचंच. कुणाला पोटदुखीचा काढा पाहिजे, कुणाला नुसत्या गप्पा. दार उघडं ठेवावं तर बाजारातल्या शेळ्या थेट वर. एकदा एका शेळीनं तिची नमाजाची चटई खाल्ली. हमिदाबी म्हणाली, “नमाज पोटात घालून शेळी अल्लाच्या घरी पोचली, म्या इथंच ऱ्हायले.” पण एक दिवस जिन्यावर तिचा पाय सटकला आणि त्यानंतर ती ज्याला त्याला सांगायला लागली, की आता दुसरी दाई बघा.

हे मात्र माझ्या जिवाला लागलं. त्याचं कारण माझ्या घरात होतं. सारजाची दोन बाळंतपणं तिच्या माहेरी, अणदूरला झालेली. रीतीप्रमाणं. दोन्ही वेळा मी सासऱ्याच्या ओसरीवर बसून होतो आणि दोन्ही वेळा आतून बाळाचं रडणं आलंच नाही. दुसऱ्या वेळी मी त्या ओसरीवरून उठून खंडोबाच्या देवळापर्यंत चालत गेलो आणि पायरीवर बसलो. सारजा त्यानंतर वर्षभर हसली नव्हती. हमिदाबी तेव्हा माझ्या घरी येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली होती, “पुढच्या बारीला म्हायेरी नक्को. माझ्या डोळ्यासमोर ऱ्हा. म्या बघते.” तेवढ्या एका शब्दावर सारजा जगत होती. आणि आता हमिदाबीच दाईकाम सोडायला निघालेली.

मी म्हटलं, खालाचा जिनाच काढून टाकतो!

जिना काढता येत नव्हता, पण अक्कल मात्र होती, निदान मला तसं वाटत होतं. एक दिवस सडकेच्या कडंला पेरणी चाललेली बघत उभा होतो. बाई पाभरीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीनं ज्वारी सोडत होती आणि बी नळ्यांतून खाली मातीत चाललेलं. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. पण त्या दिवशी डोक्यात उजेड पडला, की बी जातंय तर बोलणं का जाऊ नये? तसाच पळत सुटलो तो थेट माडीखाली बाबामियाँच्या दुकानात. बाबामियाँ पत्र्याचं काम करायचा. त्यानं घासलेटच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे गुंडाळून लांबच लांब नळी करून दिली. ती मी बाहेर दाराच्या चौकटीपासून जिन्याच्या भिंतीनं वर हमिदाबीच्या उंबऱ्यापर्यंत नेली. दोन्ही टोकांना जुन्या पाभरीची लाकडी चाडी बसवली. खाली बोललं की वर ऐकू यायचं, वर बोललं की खाली.

एवढ्यावर थांबेन तर मी कसला मिस्त्री? दाराला आतून लोखंडी खिटी बसवली. दार लोटलं की ती आपोआप खाचेत पडायची. खिटीला तार, आणि ती तार जिन्याच्या माथ्यावर तुळईला टांगलेल्या कप्पीवरून हमिदाबीच्या हाताशी. कोण आलंय, कशाला आलंय ते तिनं नळीतून विचारायचं, आणि काम खरं असलं तर बसल्या जागेवरून तार ओढायची. खालची खिटी उचलली जायची आणि दार उघडायचं. दोन माणसांनी वर जायचं, तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवायचं आणि गाडीत बसवायचं. जिना उतरताना तिच्या गुडघ्यावर भार येत नव्हता. हमिदाबीनं दाईकाम सोडायचं रद्द केलं.

काय कौतुक झालं त्या दाराचं! आठ दिवस बाजारातली माणसं येऊन त्या चाड्यात काहीबाही बोलून जात होती. मी तिथं उभा राहून प्रत्येकाला शिकवत होतो: “बोलायचं असलं की चाड्याला तोंड. ऐकायचं असलं की चाड्याला कान. तोंड आन कान दोन्ही येकदम चालत न्हाईत. आपलं बोलून झालं की तोंड काढायचं आन कान लावायचा. समजलं का?” सगळ्यांना समजलं. बाजारातल्या भाजीवाल्या बायकांना समजलं, बैलगाडीवाल्या बलभीमला समजलं, तो तर दिवसाला दोन शब्द बोलणारा माणूस. ज्यानं शिकवलं त्याला तेवढं समजायचं राहिलं.

पुढं सारजाला दिवस गेले. हमिदाबीनं तिला तपासून सांगितलं, कोजागिरीच्या आसपास. मी निर्धास्त झालो. दाई आपली, दार आपलं, नळी आपली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराची पूजा असते, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नसतो. मी दुकानातले पक्कड, हातोडे, पाने सगळे धुऊन पाटावर मांडले, कुंकू लावलं. आणि मग आठवलं, की आपलं सगळ्यात मोठं यंत्र तर माणिकप्पाच्या माडीत आहे! झेंडूचा हार घेतला आणि गेलो. खालच्या चाड्याला कुंकू, नळीला कुंकू, खिटीला कुंकू. वर गेलो. कप्पी म्हणजे यंत्राचं काळीज, तिला नुसतं कुंकू लावून कसं भागणार? हार घातला. गोल कप्पीवर तो राहीना, घसरून खाली यायला लागला. म्हणून सुतळी घेतली आणि हार कप्पीला गच्च आवळून बांधला. वर आणखी वेढे दिले. गाठी मी मारलेल्या, म्हणजे त्या सुटणाऱ्या नव्हेत. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम इतकं पक्कं झालं.

हमिदाबी उंबऱ्यात बसून बघत होती. “लई चांगलं दिसतंय रे,” म्हणाली.

मी हात जोडले आणि तिला बजावलं, “खाला, आता दसऱ्याची पूजा हुईस्तोवर ह्येला हात लावायचा न्हाय बरं का. आज यंत्राची सुट्टी.”

“आन कुणी आलं तर?”

“आज कोन येतंय? निम्मं गाव तुळजापूरला गेलंय.”

खरंच गेलं होतं. माडीतले बाकीचे भाडेकरू, खुद्द माणिकप्पा, सगळे आईच्या दर्शनाला. माडीवर हमिदाबी एकटी. मी दार लोटलं, खिटी खट्टकन खाचेत पडली, आणि मी शीळ घालत घरी गेलो.

घरी आलो तर सारजा भिंतीला धरून उभी. तोंड पांढरं पडलेलं. माझी कडूआत्या तिच्या पाठीला हात लावून उभी होती. सकाळपासून दुखत होतं, पण माझी पूजा मोडू नये म्हणून सारजा बोलली नव्हती. कोजागिरीला अजून वेळ होता. मी विचारायला लागलो, की हे कसं काय, खालानं तर पुनवेचं सांगितलं होतं, मोजण्यात काही चुकलं का...

“अवो,” सारजा दातओठ खात म्हणाली, “तुमी बोलत ऱ्हायलात तर बाळाचं लगीन बी हितंच लागंल. जावा, हमिदाबीला आणा.”

पळालो. बलभीमची गाडी तयारच ठेवलेली असायची. त्याला घेतला आणि माडीपाशी येऊन चाड्यात तोंड घातलं. “खाला! सारजाला कळा आल्यात! दार उघडा!”

तार हलल्याचा किर्र आवाज आला. खिटी हलली नाही.

आता ज्याला हे यंत्र स्वतः घडवल्याचा अभिमान आहे, त्यानं काय करावं? मी सगळ्यात आधी दाराला दोष दिला. “खाला, दार पावसानं फुगलंय. म्या भाईरनं ढकलतो, तुमी आतनं ओढा!” असं चाड्यात ओरडून मी खांदा लावला. दार जुन्या गढीचं, सागवानी, लोखंडी खिळ्यांचं. माझा खांदा दुखला, दाराला काही झालं नाही. परत तोंड चाड्यात. “झटका द्या खाला! हळू न्हाय, झटका!” किर्र. “डावीकडनं ओढा!” किर्र. “आता सगळा भार टाकून लोंबकळा!” हे मी पासष्टीच्या, गुडघे गेलेल्या बाईला सांगत होतो.

“कान लावा की,” बलभीम म्हणाला.

“तू गप रे! तुला यंत्रातलं काय कळतं?”

आवाज ऐकून बाबामियाँ दुकानातून बाहेर आला. त्याला मी सांगितलं, की तुझ्या नळीत कुठंतरी भोक पडलंय, माझं बोलणं वर पोचत नाही. तो तोंड उघडणार तेवढ्यात मी परत चाड्याकडं वळलो. “खाला, ऐकू येतंय का? ऐकू येत असलं तर तार दोनदा ओढा!” किर्र, किर्र. “मग ऐकू येतंय तर उघडत का न्हाय?” या प्रश्नाचं उत्तर ती देत होती, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा दाराच्या फटीत तेल सोडत होतो. पिसानं. तेल खिटीवर जाण्याऐवजी माझ्या धोतरावर आलं. मग फटीत सायकलची तार घालून खिटी उचलायचा प्रयत्न केला. ती आत तुटून राहिली. मग कुणीतरी म्हणालं, शिडी आणा. बलभीमला शिडीला पाठवला. शिडी कुठल्या खिडकीला लावायची याचा मी विचार केला नव्हता. हमिदाबीची खिडकी मागं, किल्ल्याच्या खंदकाकडं. तिथं शिडी टेकवायला फक्त हवा होती.

तेवढ्यात शेजारणीला सारजापाशी बसवून कडूआत्या धापा टाकत आली. “आरं, काय करतोयस? पोरीला लई तरास व्हतोय. कुठं हाय हमिदा?”

मी काय सांगणार? हमिदा वर होती आणि मी खाली, आणि दोघांच्या मधी मी केलेलं दार होतं. मला अणदूरची ओसरी डोळ्यासमोर दिसायला लागली. मी चाड्यात तोंड खुपसून नुसता ओरडत सुटलो, “खाला, ओढा, ओढा, पाया पडतो तुमच्या, ओढा!” आणि वरून किर्रसुद्धा येईनासं झालं. हमिदाबीला काही झालं की काय? कुठं घेरी येऊन पडली? मला रडू फुटलं. भर बाजारात, धोतरावर तेल, कपाळावर सकाळच्या पूजेचं कुंकू, आणि मी चाड्याला धरून रडतोय.

दाराच्या आतून धप्प असा आवाज आला. मग परत धप्प. थोडा वेळ काही नाही. मग धप्प, आणि या खेपेला अगदी जवळ. खिटी वर गेली आणि दार उघडलं.

हमिदाबी शेवटच्या पायरीवर बसलेली होती. एक हात खिटीवर, दुसऱ्यात तिचं दाईचं गाठोडं. सगळं लुगडं धुळीनं माखलेलं. अख्खा जिना ती बसून उतरली होती, एकेक पायरी ढुंगणानं घसटत. ओठ घट्ट मिटलेले आणि डोळ्यांत पाणी. गुडघ्यांचं की रागाचं ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

“खाला, तार...”

“तार गेली खड्ड्यात! तुझा हार बसलाय कप्पीवर सुतळीनं आवळून. कप्पी फिरंल कशी? म्या कवापसनं नळीतनं बोंबलतेय, उत्तऱ्या, हार अडकलाय, तोडू का? तोडू का रे? कितींदा विचारलं! तू कान लावशील तर ना!”

चूक कळली आणि तरी माझ्या तोंडून काय निघावं? “मग तोडायचा की खाला! विचारायचं काय त्यात?”

हमिदाबीनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी अजून पोटातच आहे आणि बाहेर यावं की नाही हे तिलाच ठरवायचं आहे. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुझ्या देवाचा हार हाय तो. तू हात लावू नको म्हनला व्हतास. आज तुझ्या घरात असली येळ, पोरीची तिसरी खेप, आन म्या तुझ्या देवाचा हार तोडून तिच्या उशाला येऊ? काही बरंवाईट झालं असतं तर तुझ्या मनात आलं नसतं? तू हौ म्हनला असतास तर तोडला असता. तू काही हौ म्हनला न्हाईस. मग ह्यो रस्ता उरला.”

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तो हार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची पूजा झाल्यावर, मी माझ्या हातानं सोडला. गाठी सुटता सुटेनात, शेवटी विळीनं कापल्या. कप्पी लगेच फिरायला लागली. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता.

पण त्या दुपारी हमिदाबी थांबली नाही. “आता माझ्याकडं बघत बसनार का मला उचलनार?” बाबामियाँनं आणि मी तिला दोन्ही बाजूंनी उचललं आणि गाडीत ठेवलं. बलभीम शिडी घेऊन परत येत होता, त्यानं ती सडकेवरच टाकली आणि बैल हाकले. वाटेत प्रत्येक धक्क्याला हमिदाबी “या अल्ला” म्हणत होती आणि मी गाडीमागून पळत तिला सांगत होतो, की खाला, दोन्ही बाजूंनी धरून बसा, आता वळण आहे, आता खड्डा आहे. तिला रस्ता माहीत होता. मला जगात आणायला ती त्याच रस्त्यानं आली होती.

घरी तिला आतल्या खोलीत नेलं. कडूआत्यानं दार लावून घेतलं. बाहेर मी.

आता सांगा, असल्या वेळी माझ्यासारख्यानं काय करावं? गप बसावं. एवढं साधं काम होतं. मी दाराच्या फटीला तोंड लावलं. “खाला, पाणी गरम हाय का? आत्या, कंदील पायजे का? खाला, सारजाला जरा बसवा, न्हाय, आडवी करा, न्हाय...”

आतून सारजा ओरडली. मग काहीतरी भांडं पडलं. मी आणखी मोठ्यानं बोलायला लागलो. खरं सांगतो, मला ती शांतता नको होती. अणदूरला दोन्ही वेळा जी आली होती, ती येऊ नये म्हणून मी बोलत होतो. मी बोलतोय तोवर ती येणार नाही, असं काहीतरी माझ्या वेड्या डोक्यात होतं.

“उत्तऱ्या!” आतून हमिदाबीचा आवाज आला, असा की भिंत हलावी. “तोंड मीट. कान लाव.”

मी तोंड मिटलं. दाराच्या फळीला कान लावला. आत कुणी बोलत नव्हतं. सारजाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तोही हळू झाला. कुणीतरी ओल्या अंगावर चापट मारल्यासारखा आवाज आला. मग काही नाही. मी डोळे गच्च मिटले. परत चापट. परत काही नाही. मला हाक मारायची होती, विचारायचं होतं, ओरडायचं होतं. मी दात ओठावर रोवले आणि कान तसाच दाबून धरला.

आणि मग बाळ रडलं. आधी बारीक, मग घसा फोडून.

कान काढायचं मला सुचलंच नाही. कडूआत्या दार उघडायला आली तरी मी तसाच, सगळा भार फळीवर टाकून उभा. तिनं आतून कडी काढली, दार उघडलं, आणि मी कानासकट आत आडवा पडलो.

सारजा हसायला लागली. घामानं चिंब, डोळे खोल गेलेले, पण हसत होती. हमिदाबी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. गुडघे सुजून लाल झालेले. तिच्या मांडीवर माझी मुलगी, कापडात गुंडाळलेली, अजून रडत. हमिदाबीनं तिला माझ्याकडं वळवलं.

“बघ बेटी, ह्यो तुझा बाप,” ती म्हणाली. “आज पयल्यांदा काही न बोलता आलाय.”

मी उठून बसलो. लेकीच्या रडण्याला कान लावला.